स्वमग्न मूल मोठे झाल्यावर

शाळेची स्मरणिका हाती आली की माजी विद्यार्थ्यांची पाने आधी उघडली जातात. कोण डॉक्टर झाला, कोण तहसील कचेरीत लागला, कोणाची मुलगी आता त्याच शाळेत शिकते, हे वाचताना आपण एकच गोष्ट शोधत असतो : ते मूल पुढे काय झाले? प्रस्तुत लेखाचा विषयही तोच आहे. मात्र ज्यांची नावे अशा याद्यांत सहसा सापडत नाहीत, अशा मुलांविषयी तो आहे.

नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षे मी एका निवासी शाळेत शिकवीत होतो. तेथे पाचवीत एक मुलगा होता. वसतिगृहातील प्रत्येकाच्या पत्र्याच्या पेटीचा क्रमांक त्याला पाठ होता. जेवणाच्या पंगतीत त्याची जागा बदलली की तो ताटावरून उठून जाई. हाक मारली तर वळून पाहत नसे आणि प्रश्न विचारला तर तोच प्रश्न जसाच्या तसा परत म्हणे. आम्ही त्याला हट्टी समजलो; काहींनी तर आगाऊ ठरविले. सातवीच्या सहामाहीनंतर तो घरी गेला तो परत आलाच नाही आणि खरे सांगायचे तर आम्हांला सुटल्यासारखे वाटले. तो स्वमग्न होता असे आज मी छातीठोकपणे म्हणणार नाही. निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. परंतु पुढे या विषयावरील संशोधन वाचू लागलो, तेव्हा तो मुलगा वारंवार आठवत राहिला.

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता हा शब्द रूढ झाला आहे. मूळ शब्दही ‘स्व’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच घडलेला आहे. पण या नावामुळे एक गैरसमज पसरतो. हे मूल स्वतःतच रमलेले आहे, त्याला माणसे नकोत, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात अनेकांना माणसे हवी असतात. माणसांची अलिखित भाषा मात्र त्यांना उलगडत नाही. नजरेचा इशारा, आवाजातील चढउतार, अर्धवट सोडलेले वाक्य, थट्टा, हे सारे आपण न शिकता शिकतो. त्यांना ते कष्टाने शिकावे लागते. जोडीला ठरलेल्या क्रमाचा आग्रह, एखाद्या विषयाचे विलक्षण वेड आणि आवाज, स्पर्श, प्रकाश सोसण्याची वेगळी पातळी असते. मेंदूच्या घडणीतील ही भिन्नता जन्मापूर्वीपासूनची असते आणि बहुधा आयुष्यभर सोबत राहते. या एकाच नावाखाली महाविद्यालयात पहिला येणारा तरुणही मोडतो, बौद्धिक अक्षमता असलेला आणि जन्मभर एकही शब्द न बोलणाराही मोडतो. हे ध्यानात ठेवले नाही, तर पुढे येणारे आकडे फसवे ठरतील.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन करणारा निबंध प्रसिद्ध केला आणि स्वमग्नतेला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र ओळख मिळाली. त्यातील पहिला मुलगा डोनाल्ड. त्याचे पूर्ण नाव डोनाल्ड ट्रिपलेट. १९३३ साली मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावी त्याचा जन्म झाला आणि जून २०२३ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी तो वारला. म्हणजे स्वमग्नतेचे निदान झालेल्या पहिल्या मुलाचे संपूर्ण आयुष्य आज आपल्यासमोर आहे.

तो तीन वर्षांचा होता तेव्हा, १९३७ साली, डॉक्टरांच्या सल्ल्याने आईवडिलांनी त्याला घरापासून दूर असलेल्या एका संस्थेत ठेवले. तशा मुलांबाबत त्या काळी हाच रिवाज होता. तेथे तो कोणाशीही न बोलता एका जागी बसून राहू लागला. वर्षभराने आईवडील त्याला आणायला गेले, तेव्हा त्याचे ठीक चालले आहे, राहू द्या, असे तेथील प्रमुखांनी सुचविले. त्यांनी ऐकले नाही. वडील वकील होते. त्यांनी मुलाविषयी तेहतीस पानांचे पत्र कॅनर यांना लिहिले. नंतर कॅनर यांनी लिहिलेल्या सर्व गोष्टींचा आरंभ बापाच्या त्या बारकाईच्या नोंदींपासून आहे. पालकांनी केलेले निरीक्षण हे संशोधनाचे पहिले साधन असते, हे डॉक्टरांच्या दारात संकोचून बसणाऱ्या आपल्याकडील आईवडिलांनी जाणून असावे.

डोनाल्ड नऊ वर्षांचा झाल्यावर त्याला गावापासून काही मैलांवर एका शेतकरी जोडप्याकडे राहावयास ठेवले. १९४५ साली कॅनर त्याला पाहण्यासाठी तेथे गेले आणि त्या दोघांचे शहाणपण पाहून थक्क झाले. मुलाला वस्तू मोजण्याचा छंद होता. त्यांनी त्याला विहीर खणावयास लावून ती किती खोल झाली हे सांगण्याचे काम दिले. तो मेलेले पक्षी आणि किडे गोळा करी; त्यांनी त्याला दफनासाठी एक कोपरा दिला. प्रत्येक जिवाच्या नावाची पाटी तो लावू लागला आणि त्या पाटीवर आडनाव त्या शेतकऱ्याचे असे. मक्याच्या रांगा तो पुनःपुन्हा मोजीत बसे. त्यांनी त्याच्या हाती नांगर दिला आणि नांगरता नांगरता मोज म्हणून सांगितले. कॅनर यांच्यादेखत त्याने सहा लांब रांगा नांगरल्या, घोडा नीट वळविला. शाळा खेड्यातली, साधी. त्याचे चमत्कारिक वागणे तेथे चालवून घेतले जाई आणि तो चांगला शिकत होता.

त्या जोडप्याने मुलाची सवय मोडली नाही. तिला काम दिले. मानसशास्त्राचे कोणतेही पुस्तक त्यांनी वाचलेले असण्याचा संभव नाही.

पुढे डोनाल्डने मिलसॅप्स महाविद्यालयातून फ्रेंच विषयात १९५८ साली पदवी घेतली आणि गावच्या बँकेत तो नोकरीस लागला. सत्ताविसाव्या वर्षी मोटार चालवावयास शिकला. लग्न केले नाही. एकट्याने प्रवास करून अमेरिकेबाहेरचे २८ देश पाहिले. एका सफरीत सहा दिवसांहून अधिक काळ मात्र राहत नसे. म्हातारपणी सकाळी मित्रांसोबत कॉफी, मग फेरफटका, दुपारी गोल्फ, असा त्याचा नेम होता. जॉन डोनवन आणि कॅरेन झकर हे पत्रकार त्याच्या शोधात फॉरेस्टला गेले, तेव्हा गावातील निरनिराळ्या माणसांनी त्यांना बजावले की, त्याला दुखावणारे काही केलेत तर आमच्याशी गाठ आहे. संशोधनाच्या परिभाषेत यास सामाजिक आधार म्हणतात.

या कथेने हुरळून जाण्यापूर्वी एक गोष्ट नमूद केली पाहिजे. डोनाल्ड ज्या बँकेत लागला ती त्याच्या आईच्या माहेरची होती. घर सधन होते, गोरे होते. त्याच मिसिसिपीत त्या काळी कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा कायद्यानेच वेगळ्या होत्या. त्यांच्यातील असे मूल बाल्टिमोरपर्यंत पोहोचणे जवळजवळ अशक्य होते. संशोधनाच्या पहिल्या पानावर कोणाचे मूल येते, हेही जन्माच्या घरावर ठरत होते.

उरलेल्या दहा मुलांचे काय झाले? कॅनर यांनी १९७१ साली या अकरांचा पुन्हा मागोवा घेतला. डोनाल्डसारखे बरे आयुष्य त्यांत आणखी एकाच्या वाट्याला आलेले आढळले. चौघांचे बहुतेक आयुष्य संस्थांत गेले होते आणि तेथे दाखल झाल्यावर लवकरच त्यांची चमक हरपली, असे कॅनर यांनी खेदाने नोंदविले. लहानपणी ही मुले डोनाल्डपेक्षा फार वेगळी दिसत होती असे नाही. निवासी शाळेच्या स्मरणिकेत हे लिहिताना मला जाणीव आहे की, घरापासून दूर राहणे हा येथे दोष नाही. डोनाल्ड दोनदा घराबाहेर राहिला. पहिल्या ठिकाणी त्याला नुसते सांभाळले गेले आणि तो मिटून गेला. दुसऱ्या ठिकाणी त्याच्याकडून काम घेतले गेले आणि तो उमलला.

मधल्या काळात या शास्त्राने एक मोठी चूक केली आणि तिची किंमत आयांनी मोजली. आईच्या मायेत ओलावा नसल्यामुळे मूल असे होते, असे मत पसरले. कॅनर यांच्या काही लिखाणाने त्याला खतपाणी घातले आणि ब्रुनो बेटेलहाइम यांच्या १९६७ च्या पुस्तकाने ते घराघरांत नेले. या मताला पहिला जोरदार धक्का दिला तो बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, १९६४ साली. तो स्वतः एका स्वमग्न मुलाचा बाप होता. पुढे १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्या तपासल्या. एकाच गर्भपेशीपासून झालेल्या ११ जोड्यांपैकी चारांत दोन्ही भावंडे स्वमग्न निघाली, तर भिन्न जुळ्यांच्या दहा जोड्यांत एकही तशी निघाली नाही. कारण आनुवंशिकतेत शोधावे लागेल, आईच्या मांडीत नव्हे, हे त्यावरून दिसले. लसीबाबतचा समजही येथेच निकालात काढू. गोवराच्या लसीशी संबंध जोडणारा १९९८ चा निबंध अवघ्या बारा मुलांवर बेतलेला होता आणि तो नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत असा कोणताही संबंध आढळला नाही. मुलांना लस अवश्य द्यावी.

बालपणाविषयी इतके लिहिले गेले, पण मोठेपणाकडे लक्ष फार उशिरा गेले. पॅट्रिशिया हाउलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली लंडनमधून प्रसिद्ध केलेला अभ्यास या बाबतीत मैलाचा दगड मानला जातो. लहानपणी निदान झालेल्या ६८ जणांची त्यांनी सरासरी २९ व्या वर्षी पुन्हा भेट घेतली. ज्यांचा बुद्ध्यांक लहानपणी किमान ५० होता अशांचीच निवड केली होती, म्हणजे तीव्र बौद्धिक अक्षमता असलेले यांत नव्हते. नोकरी, मैत्री आणि स्वतंत्र राहणे या कसोट्यांवर १२ टक्के लोकांचे अतिशय चांगले, १० टक्क्यांचे चांगले आणि १९ टक्क्यांचे बरे चालले होते. उरलेल्यांची, म्हणजे निम्म्याहून अधिक लोकांची, स्थिती वाईट किंवा अतिशय वाईट होती. बुद्धी बरी असेल तर शक्यता वाढते हे खरे. पण बुद्धी चांगली असूनही घरी बसलेले पुष्कळ होते.

ही घसरण नेमकी कधी होते? अमेरिकेत मार्शा सेल्ट्झर यांनी १९९८ पासून विस्कॉन्सिन आणि मॅसॅच्युसेट्स या दोन राज्यांतील चारशेहून अधिक कुटुंबांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. किशोरवयात बहुतेकांच्या अडचणी हळूहळू कमी होत होत्या. शाळा संपली आणि ही सुधारणा मंदावली. शाळा म्हणजे केवळ धडे नव्हेत. घंटा, ठरलेले वेळापत्रक, रोज भेटणारी तीच माणसे, हा एक सांगाडा असतो. तो अठराव्या-एकविसाव्या वर्षी एकाएकी काढून घेतला जातो. याच संशोधनातील दुसरी गोष्ट अधिक विचारात टाकणारी आहे. बौद्धिक अक्षमता नसलेले तरुण दिवसभर काहीही काम नसलेल्या अवस्थेत सापडण्याचे प्रमाण, ती असलेल्यांच्या तुलनेत सुमारे तिप्पट होते. अक्षम मानलेल्यांसाठी निदान कार्यशाळा तरी असतात. ‘हुशार आहे, जमवून घेईल’ असे ज्याच्याविषयी म्हटले जाते त्याच्यासाठी कोणी काहीच योजत नाही.

ज्यांना कधी नाव मिळालेच नाही त्यांचे काय? ट्रॉय ब्रूगा यांच्या गटाने इंग्लंडमधील सामान्य प्रौढांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. दर हजारी जवळजवळ दहा प्रौढ स्वमग्न असल्याचे त्यांचे अनुमान आहे आणि पाहणीत सापडलेल्यांपैकी एकालाही आपण स्वमग्न आहोत हे माहीत नव्हते. तरुण आणि वृद्ध यांच्या प्रमाणात ठळक फरक नव्हता. हल्ली अशी मुले फार होऊ लागली, असे आपण म्हणतो. ती पूर्वीही होती. त्यांना विक्षिप्त, तऱ्हेवाईक, एककल्ली म्हणत. स्त्रियांच्या बाबतीत नाव मिळणे आणखी कठीण, कारण इतरांकडे पाहून तसेच वागण्याचे कसब अनेकींनी लहानपणीच कमावलेले असते. त्या कसबाचा शीण कोणाला दिसत नाही. पंगतीतून उठून जाणारा माझा विद्यार्थी आज चाळिशी ओलांडून गेला असेल. त्याच्या गावाला तो कोणत्या नावाने ठाऊक आहे, कोण जाणे.

उतारवयाविषयीचे संशोधन आजही तोकडे आहे. जे आहे ते काळजी वाढविणारे आहे. स्वीडनमधील सरकारी नोंदींवरून २०१६ साली निघालेल्या निष्कर्षांनुसार, पाहणीच्या काळात मरण पावलेल्या स्वमग्न व्यक्तींचे सरासरी वय सुमारे ५४ होते, तर इतरांचे ७०. याचा अर्थ प्रत्येक स्वमग्न माणूस चोपन्नाव्या वर्षी जातो असा मुळीच नाही. डोनाल्डने नव्वदी गाठत आणली होती. परंतु अपस्मार अर्थात फेफरे हे एक मोठे कारण आहे. स्वमग्न मुलांत ते बरेचदा दहाव्या वर्षानंतर सुरू होते, म्हणून वयात येणाऱ्या मुलाला झटका आला तर अंगारे-धुपारे न करता मेंदूविकारतज्ज्ञ गाठावा. बुद्धी चांगली असलेल्यांत निराशेतून आत्मघाताचा धोका अधिक दिसला. पोटात दुखते हेही नीट सांगता न येणाऱ्या माणसाचे दुखणे दवाखान्यात उशिराच कळते, हे तर सांगावयासही नको.

आता एक वेगळे चित्र. अमेरिकेच्या युटा राज्यात, लहानपणी निदान झालेल्या आणि सामान्य किंवा त्याच्या जवळपास बुद्धी असलेल्या ४१ जणांचा वीस वर्षांनी मागोवा घेतला गेला. २००९ च्या या अभ्यासात निम्म्या लोकांचे आयुष्य चांगले किंवा अतिशय चांगले असल्याचे दिसले. लंडनच्या गटात कमी बुद्ध्यांकाचेही लोक होते, त्यामुळे दोन आकडे थेट शेजारी ठेवणे न्याय्य नव्हे. तरीही संशोधकांनी एका गोष्टीकडे लक्ष वेधले. यांतील बहुतेकजण मॉर्मन पंथाच्या समाजात वाढले होते. त्या समाजात प्रत्येकाला काही ना काही सेवा नेमून दिलेली असते, सणावाराला आणि प्रार्थनेला सर्वांना बोलावणे असते आणि मोठा झालेला मुलगा घरी राहिला तर कोणी नाके मुरडीत नाही. बाराही महिने आपली वाट पाहणारी एक जागा असणे, एवढेच ते होते. आपल्याकडे असे मूल विहारात मध्येच ओरडले तर आई ओशाळून त्याला बाहेर नेते आणि पुढच्या पौर्णिमेस येत नाही. तिला थांबवून घेणारे कोणी असते का, हे आपण आपल्यालाच विचारावे.

एक प्रश्न इंग्लंडमधील संशोधक डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली मांडला. ते स्वतः स्वमग्न आहेत. स्वमग्न माणसाला इतरांचे मन कळत नाही, असे आपण म्हणतो. पण इतरांना तरी त्याचे मन कोठे कळते? पुढील प्रयोगांत असे दिसले की, स्वमग्न माणसे आपसांत माहिती अगदी व्यवस्थित पोहोचवितात. घोटाळा होतो तो दोन्ही प्रकारची माणसे एकत्र आल्यावर. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतील हा सर्वांत मोलाचा विचार आहे, कारण तो अर्धे ओझे आपल्याही खांद्यावर ठेवतो.

भारतात उत्तर गोव्यासह पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची जी पाहणी झाली आणि २०१८ साली प्रसिद्ध झाली, तीतही स्वमग्नतेचे प्रमाण शंभरात सुमारे एक असेच आले. प्रौढांविषयी मात्र आपल्याकडे फारसे काम नाही. कायद्याने काही गोष्टी दिल्या आहेत, त्या पालकांना ठाऊक असाव्यात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के अक्षमता नोंदली असेल तर सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे आणि सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के दिव्यांग आरक्षणापैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आदी प्रकारांसाठी मिळून आहे. मुलाने अठरा पूर्ण केल्यावर कायद्याच्या दृष्टीने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. ज्यांना खरोखर आधाराची गरज आहे, त्यांच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करता येतो. आपल्या मागे कोण, हा प्रश्न बहुतेक घरांत आईच्या आजारपणापर्यंत पुढे ढकलला जातो आणि मग एखाद्या बहिणीच्या गळ्यात न विचारता पडतो. भावंडांशी हे बोलणे वेळीच आणि उघडपणे व्हावे.

तयारी चौदा-पंधराव्या वर्षीच सुरू करावी लागते : एसटीने एकट्याने जाणे, दुकानातून सुटे पैसे मोजून आणणे, वरणभात लावणे, बँकेत पासबुक भरून घेणे. एक शिकण्यास वर्ष लागले तरी चालेल. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांचे दुकान आहे, छापखाना आहे, कचेरी आहे, त्यांना अशा एखाद्या तरुणास कामावर घेता येईल. काम तोंडी न सांगता लिहून द्यावे. बसण्याची जागा ठरलेली असावी. उद्या काही बदलणार असेल तर आजच सांगावे. ‘जरा बघ’ असे न म्हणता काय बघायचे ते नेमके सांगावे. जेवणाच्या सुट्टीत तो सगळ्यांपासून दूर बसला तर बसू द्यावे आणि सहलीला निघताना त्यालाही विचारावे.